"उसनो घेतलो तो परत कधी देवचो?"

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं होतं, की पावकी-निमकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण असे अपूर्णांकांचे पाढे, बंद झाली आणि तिथेच मुलांचं गणित बुडालं, ती परत सुरू करा. आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते पत्र चारदा येऊन गेलं आणि प्रत्येक वेळी खाली "एकदम बरोबर" म्हणून अंगठे. त्यात एक अंगठा माझापण होता. पण नंतर डोक्यातनं जाईना म्हणून लिहितोय. मी शिक्षक नाय, मालवण तालुक्यात किनाऱ्यालगतच्या गावात राहतो, पर्यटकांसाठी एक होडी आहे, थोडी माडाची बाग आहे, आणि मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत, म्हणून शाळा व्यवस्थापन समितीवर आहे एवढंच.

पाऊणकीचं सांगतो आधी. आमचे आबा चौथी पास, सगळं आयुष्य रापणीवर गेलं, म्हणजे किनाऱ्यावरनं मोठं जाळं ओढून मासे धरण्यात. त्यांना पाऊणकी झोपेत यायची. दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. पण ती त्यांना कशाला लागायची ते बघा. अमावास्या किंवा पुनव झाल्यावर पुढची तिथी मोजायची, तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थी असली तर चार पाऊण तीन, म्हंजे दुपारी तीनला भरती आणि पहाटे तीनलापण. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. त्यातनं सहा तास पुढे गेलात की सुकती, म्हणजे ओहोटी, मग मुळे-तिसऱ्या या शिंपल्या काढायला बायका कधी निघणार तेपण आलं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते आणि पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस, त्यामुळे पाव-अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण रापण ओढायला तेवढं पुरतं. घड्याळ नसलेल्या माणसाने कॅलेंडरवरच्या तिथीवरनं समुद्र वाचायचा, हे गणित नाय तर काय.

मीपण पाऊणकी पाठ केली होती. आमच्या गुरुजींनी छडी घेऊन करून घेतली, औटकीपर्यंत, औट म्हणजे साडेतीन हे मला अजून आठवतं ते त्या छडीमुळे. पण बाकी सगळं सहावीपर्यंत साफ विसरलो, कारण ती कुठे वापरायची ते वर्गात कोणी बोललंच नाय आणि आबांना वाटायचं शाळेत सांगत असतील. पुढे चाळिशीत होडी घेतली तेव्हा आबांनी परत शिकवली, दोन दिवसांत आली, आता जात नाय. म्हणून त्या पत्रलेखक सरांना माझं म्हणणं एवढंच की पावकी-निमकीला माझी ना नाय, पण जी गेली ती पाऊणकी होती की पाऊणकीच्या मागची भरती होती, ते एकदा बघा.

आता माझ्या चुकीचं सांगतो.

आमच्या शाळेचा पट चौदा, वर्ग पाच, शिक्षक दोन. गेल्या वर्षी एक नवीन बाई आल्या. त्यांनी पहिल्याच महिन्यात मुलांना घरनं हीर आणायला सांगितले, वाढवणीचे, म्हणजे झाडूच्या काड्या. दहा-दहा हिरांची एकेक जुडी रबराने बांधायची, बाकीचे सुटे. मुलं दोन महिने जुड्या बांधतायत, सोडतायत, परत बांधतायत. वही कोरी. घराघरातनं आयांनी चालू केलं की वहीत काय दिसत नाय, आणि मी समितीच्या मीटिंगमध्ये उभा राहून बोललो, की बाई, पोरांका झाडू वळूक शिकवतास की गणित? सगळे हसले. बाई नाय हसल्या. त्या म्हणाल्या, मार्चपर्यंत थांबा.

थांबलो म्हणजे काय, घरी मीच शिकवायला घेतलं. बावन्नातून अडतीस वजा. मुलीने लिहिलं सव्वीस. कसं, तर आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन. वरचा-खालचा कोण ते तिने बघितलंच नाय, मोठ्यातून लहान घालवला. मी म्हटलं अगो दोनातून आठ जातत काय, शेजारच्याकडनं एक उसना घे, त्याचे झाले बारा. ती माझ्याकडे बघत बसली. मग विचारते, "बाबा, एक घेतलो तर बारा कशे झाले?" आणि त्याच्यावर, "उसनो घेतलो तो परत कधी देवचो?"

संपादक साहेब, मला दोन्हीचं उत्तर देता आलं नाय. मी बारावी सायन्स आहे.

दुसऱ्या दिवशी नारळ पाडलेले, बावन्न भरले. अडतीस एका हॉटेलवाल्याला दिले. आई माझी पडवीत बसली होती, तिने सहज विचारलं, "किती रवले गो बाय?" आणि ही कागद नाय, पेन्सिल नाय, पायाने एक नारळ ढकलत म्हणते, "अडतिसावर दोन चाळीस, मगे धा, पन्नास, नि वरचे दोन. चवदा." तेच गणित. तेच आकडे. आदल्या रात्री सव्वीस आलेलं.

मी तसाच बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या की दुकानदार सुट्टे परत देताना असंच पुढे मोजत जातो, तिने ते बघून बघून उचललंय, आणि ती रीत चुकीची नाय, तीपण वजाबाकीच आहे. मग त्यांनी पाच जुड्या आणि दोन हीर मुलीपुढे ठेवले, म्हणाल्या यातनं अडतीस दे मला. मुलीने तीन जुड्या दिल्या. सुटे दोनच, द्यायचे आठ. थांबली जरा, आणि एका जुडीचं रबर काढलं. दहा हीर पसरले जमिनीवर, दोनात मिळून बारा. मान वर करून माझ्याकडे बघितलं, की एक घेतला तर बारा कसे झाले ते हे असे झाले. आणि उसनं कोणी कोणाला दिलं नाय, आपलीच जुडी आपणच सोडली, मग परत कसलं द्यायचं. त्या दिवशी मी बाईंची माफी मागितली, ती पण पोषण आहाराच्या खोलीत डाळ मोजत होत्या तेव्हा.

बाईंनीच मग सांगितलं की १९८५ साली ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातला असाच अभ्यास छापून आलेला, रस्त्यावर माल विकणारी ९ ते १५ वर्षांची पाच मुलं, त्यांच्याकडे नारळ वगैरे घेता घेता हिशोब विचारले तर शंभरातले ९८ बरोबर, आणि तीच गणितं कागदावर दिल्यावर ३७. नारळच, बघा. आणि २०२५ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो या नोबेलवाल्या अर्थतज्ज्ञांच्या गटाने कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवरचा अभ्यास छापला त्यातपण तेच निघालं, तोंडी हिशोब फटाफट आणि पुस्तकातली वजाबाकी-भागाकार अडतो. पण त्यात उलटीपण बाजू आहे जी मला जास्त लागली, नुसती शाळेत जाणारी मुलं, कागदावर बरी असलेली, बाजारातला हिशोब घातल्यावर गडबडली. म्हणजे दोघांच्या मधला साकव कोणीच बांधत नाय. मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर' या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी साधारण ३४ टक्क्यांनाच वजाबाकी जमते असं आहे, आणि तिथे विचारतात ती हीच, दोन अंकी, हातच्याची. उरलेल्यांतली किती पोरं घरी नारळ बरोबर मोजत असतील?

संख्यांच्या नावाचं पण बोलून घेतो, कारण तेपण ग्रुपवर आलंच. २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात त्रेपन्नच्या जागी 'पन्नास तीन' आलं तेव्हा केवढा गदारोळ, विधानसभेत विनोद झाले, आम्हीपण इथे एकमेकांना 'वीस एक रुपये दे' करून हसलो. पुस्तकाच्या गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर बाईंनी तेव्हा शांतपणे सांगितलं होतं की पोरं ऐकतात तीन आधी आणि लिहायचं असतं पाच आधी. माझी मुलगी दुसरीत असताना त्रेपन्न सांगितलं की ३५ लिहायची, दर वेळी. आणि ते एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणनव्वद, आणि एवढं सगळं 'एकोण' करून झाल्यावर नव्व्याण्णवला मात्र एकोणशंभर नाय. आपल्याला सवय आहे म्हणून दिसत नाय हो. मला स्वतःला जुनी नावं गेलेली चालणार नायत, आमच्या आईला 'साठ नऊ' सांगितलं तर ती बाजारातनं माघारी येईल. पण काही महिने दोन्ही एकत्र म्हटली तर काय बिघडतं? माझा भाचा इंग्लिश मीडियमला, त्याला दुकानात एकोणसत्तर म्हटलं की विचारतो "सिक्स्टी नाईन का?", आणि त्यावर कोणी विधानसभेत विनोद करत नाय.

आता खरं दुखणं. या हिरांच्या खेळाला वेळ लागतो. पाच वर्ग, दोन शिक्षक, त्यातला एक दर दोन दिवसांनी कुठली तरी ऑनलाइन लिंक भरत मोबाइलला रेंज शोधत कट्ट्यावर उभा. शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसरी कामं देऊ नका, पण फोटो अपलोड करणं हे काम म्हणून कोणी मोजतच नाय बहुतेक. मग होतं काय, बाई जुडी सोडायला बसतात आणि तेवढ्यात फोन येतो, मग "पान बारावरची गणितं करा" म्हणून उठावं लागतं. पान बारावर उसनाच घ्यायचा असतो. शिवाय शाळेत गणिताची पेटी आहे, चांगली, मणी-ठोकळे सगळं असलेली, ती आधीच्या काळात कपाटात कुलपात होती कारण काय हरवलं तर भरून कोण देणार. आम्ही समितीने ठराव करून ती बाहेर काढली, हरवलं तर समिती भरेल म्हणून. आत्तापर्यंत सात मणी आणि एक फासा गेलाय. वर्गणी काढून एकवीस रुपये बाजूला ठेवलेत.

मार्चमध्ये वही बघितली मी. अर्धीच भरलीय. पण बावन्न वजा अडतीसच्या बाजूला मुलीने पाच जुड्या काढल्यात आणि एका जुडीवर काट मारून सुटे हीर पसरलेत, खाली चौदा.

शेवटी पत्रलेखक सरांना एक विनंती, रागावू नये. तुम्ही निवृत्त आहात, पाऊणकी तुम्हाला येते, आमच्या बाईंना येत नाय, त्यांनी स्वतःच सांगितलं. तर एक दिवस आमच्या शाळेत या आणि चौथी-पाचवीच्या मुलांना शिकवा. छडी नको, कॅलेंडर आणा. शाळेच्या मागेच खाडी आहे, दगडावर खुणा करून पोरं पाणी बघतील, तुमचं उत्तर बरोबर की चूक ते तिथेच कळेल. फक्त पुनव-अमावास्येच्या आसपास नको, तेव्हा बरोबर शाळेच्या वेळेत भरती आणि त्यात उधाण, साकवावर पाणी येतं आणि तुमची स्कूटर अलीकडेच राहील. भांगाला, म्हणजे उधाण नसतं तेव्हा या, अष्टमी-नवमीला. नवमीला भरती कितीला ते तुम्हाला सांगायला नको.

आपला,
एक पालक, मालवण तालुका