पाच किलोची तलवार?

संपादक महाशय,

आपल्या रविवार पुरवणीत युरोपातल्या दोन हातांनी पेलायच्या मध्ययुगीन लांब तलवारीचे वजन 'पाच किलो' छापले आहे. कृपया ते दुरुस्त करावे. संग्रहालयांत टिकून राहिलेल्या चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या अशा तलवारी बहुतेक सव्वा ते पावणेदोन किलोंच्या भरतात.

जड तलवारीचा हा समज वाईट प्रतिकृतींनीही पोसला आहे, असे मला वाटते. मी ३१ वर्षे कारखान्यात पोलादाला पाणी देण्याचे, म्हणजे ते तापवून झटकन थंड करून कडक करण्याचे काम केले. निवृत्तीनंतर हौसेने एक स्वस्त, स्टेनलेस स्टीलची प्रतिकृती घेतली. मुठीपासून टोकापर्यंत पाते एकाच जाडीचे, त्यामुळे सगळा भार पुढे. ती नुसती हवेत फिरवताना पाते मुठीतून सुटले आणि भिंतीवर आदळले. माझा नातू क्षणापूर्वीच तिथून उठून गेला होता. मूठ फोडली तर आत पेन्सिलीएवढी सळई निघाली, पात्याला वेल्ड केलेली. ती वेल्डपाशीच मोडली होती. ते आठवले की आजही अंगावर काटा येतो.

पुढे जाणकाराकडून दुसरी घेतली, स्प्रिंग स्टीलची. तिचे पाते परजेजवळ, म्हणजे मुठीवरच्या आडव्या दांडीजवळ, ६ मिलिमीटर जाड आणि टोकाजवळ जेमतेम २. कॅलिपर लावून मीच मोजले. हा उतार फोटोत दिसत नाही. म्हणून चांगला कारागीर अस्सल तलवार हातात घेऊन जागोजागी जाडी मोजतो, मगच घासायला बसतो. पात्यावरची पन्हळही वजन कमी करण्यासाठीच असते, रक्त वाहून जाण्यासाठी नव्हे. मुठीत जाणारी शेपटी पात्याच्याच पोलादाची, रुंद. ती मुठीच्या टोकाच्या गोळ्यातून आरपार काढून वर रिव्हेटसारखी ठोकलेली.

पाणी देणे हा माझ्या जिव्हाळ्याचा भाग. चुंबक चिकटेनासे होईल त्याच्याही थोडे पुढे पाते तापवायचे आणि वाकू नये म्हणून उभे तेलात सोडायचे. तेव्हा ते काचेसारखे ठिसूळ असते. मग पुन्हा हलके तापवायचे. साधारण ३०० अंशांना निळी झाक येते, आणि त्यानंतर वाकवलेले पाते सुटून सरळ होते. जुन्या लोहारांना हे एकसारखे कर्ब नसलेल्या, मळी अडकलेल्या पोलादातून साधावे लागे, तेही तापमापकाशिवाय.

पुरवणीतल्या चित्रातली तलवारही सपाट पट्टीची दिसते. दुरुस्ती छापताना तेवढे चित्र बदलावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त कामगार