मुहूर्तासाठी घाई नको, आठवडे भरू द्या

नागपूर

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, गुरुजींनी काढलेली तारीख मिळाली. तुम्ही आर्वीला बसून एवढ्या मनापासून पाहून घेतलीत, तरी त्या दिवशी सिझेरियन करून घ्यायला मी नाही म्हणतेय. फोनवर तुमचा आवाज ऐकला की माझ्याच्यानं नाही म्हणवत नाही, म्हणून लिहितेय.

त्या तारखेला जेमतेम ३६ आठवडे भरतील. एरवी तोवर बाळाची फुप्फुसं बऱ्यापैकी तयार झालेली असतात. पण माझी शुगर वाढलेली आहे. आईच्या रक्तातली जास्तीची साखर वारेतून बाळाकडे जाते आणि बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवू लागतं. त्या इन्सुलिनमुळे फुप्फुसातलं सर्फॅक्टंट उशिरा तयार होतं. श्वास सोडताना हवेच्या बारीक पिशव्या मिटून जाऊ नयेत म्हणून आतून असतो तो स्निग्ध थर. आई, तू म्हणालीस, "बाळ चांगलं गुटगुटीत आहे ना, मग कशाची काळजी?" अगं, त्याचं अंग भरलंय तेही त्या जास्तीच्या इन्सुलिननंच. असं वजनदार बाळसुद्धा जन्मल्यावर धापा टाकतं, कण्हतं, त्याला पेटीत ठेवावं लागतं.

परवा धंतोलीत डॉप्लर सोनोग्राफी झाली. बाळाच्या हृदयातून फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचं माप घ्यायचं होतं. बाळ चुळबुळ करत होतं, तोवर ते घेताच येईना. डॉक्टर मला कुशीवर निजवून थांबले. मग स्क्रीनवर लाट उमटली: उभा चढ, सुईसारखं टोक, उतरणीवर एक छोटीशी खाच. रक्ताचा वेग टोकाला पोचायला किती वेळ लागतो आणि त्या ठोक्यात रक्त बाहेर पडायला एकूण किती, याचं गुणोत्तर काढतात. फुप्फुसं कच्ची असली की तिथला विरोध जास्त असतो, टोक लवकर येतं आणि आकडा लहान निघतो. माझा लहानच निघाला. कोणत्या आकड्याखाली धोका धरायचा यावर अजून सगळ्या डॉक्टरांचं एकमत नाही, त्यामुळे एवढ्यावरच निर्णय घेत नाही, असं त्यांनी सांगितलं. ते मला पटलं. पण असा आकडा समोर असताना आपण होऊन घाई करायला माझं मन धजत नाही. त्यातून कळा न येता सिझेरियन केलं, तर फुप्फुसातलं पाणी ओसरायलाही वेळ लागतो.

फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून स्टिरॉइडचं इंजेक्शन असतं, पण त्यानं माझी शुगर काही दिवस चढेल. लवकर बाळंतपण करायचीच वेळ आली तर बघू. तोवर उपाशीपोटी ९५ च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत ठेवायची. तेवढं जमलं तर ३८ आठवड्यांच्या पुढे जायला डॉक्टर तयार आहेत.

आई, बाळंतपणाला माहेरी येणं यंदा नको, तूच इकडे ये. इथे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग हाकेच्या अंतरावर आहे. डिंकाचे लाडू आत्ता करू नकोस. बाळंतपणानंतर शुगर तपासू, मग ठरवू. बाबा, गुरुजींना माझा नमस्कार सांगा. बाळ ज्या वेळेला येईल ती वेळ कळवीन, पत्रिका त्यावरून करू द्या.

तुमची,
शुभा