तीन आठवड्यांची दोन वर्षे

किगाली (रवांडा), रविवार

तीर्थरूप आई आणि बाबा यांस शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी फोनवर आईने परतीचे तिकीट कधीचे आहे असे विचारले, तेव्हा आवाज नीट येत नाही असे सांगून मी बोलणे आवरते घेतले. आवाज अगदी स्वच्छ येत होता. आठ दिवस ते मनाला लागून राहिले आहे, आणि फोनवर पुन्हा धीर होणार नाही म्हणून आज सकाळपासून हे पत्र लिहायला बसले आहे. आई, मी तीन आठवड्यांसाठी आले होते. आता दोन वर्षे राहणार आहे. शुक्रवारी करारावर सही केली आणि पुण्याच्या कंपनीला राजीनामा कळवला. तुम्हाला आधी विचारायला हवे होते. विचारले असते तर तुम्ही 'जा' असेच म्हणाला असता आणि मग रात्रभर जागला असता, हे मला ठाऊक होते. विचारायचे टाळले ते त्यामुळेच, आणि तरीही ते बरोबर केले असे मला म्हणता येत नाही.

आता कारण सांगते. बाबा, नकाशात रवांडा शोधायला तुम्हाला भिंग लागले होते. सगळा देश 26,338 चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान, आणि लोकसंख्या मुंबई शहराएवढी. समुद्र नाही. सर्वांत जवळचे बंदरही हजार किलोमीटरहून अधिक दूर असल्यामुळे कारखान्यात केलेला माल बाहेर न्यायचा तर वाहतुकीतच नफा संपतो. 1994 सालच्या वंशसंहारात शंभर दिवसांत अंदाजे आठ लाख माणसे मारली गेली, त्यांत शिक्षक होते, डॉक्टर होते, इंजिनिअर होते. त्यानंतर सहाच वर्षांनी, 2000 साली, या देशाने वीस वर्षांचा आराखडा केला आणि त्यात लिहिले की आपल्याला ज्ञानावर चालणारी अर्थव्यवस्था उभी करायची आहे. ज्या मालाला ट्रक लागत नाही असा माल करायचा, हा त्यामागचा हिशेब मला पटतो.

पुढे त्यांनी बोलल्यासारखे बरेच केले. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याला समुद्राखालची पहिली ऑप्टिकल फायबर केबल लागली ती 2009 साली. तोवर इथले इंटरनेट उपग्रहावरून, महाग आणि संथ येत असे. केबल किनाऱ्याला लागली तेव्हा इथे देशांतर्गत फायबर टाकण्याचे काम चालूच होते, आणि पुढच्या दोनएक वर्षांत दोन हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे जाळे तिसांच्या तीस जिल्ह्यांत पोहोचले. या डोंगराळ मुलखात चर खणणे म्हणजे काय, हे बाबांना मी सांगायला नको. 2015 पासून सरकारी दाखले 'इरेम्बो' नावाच्या एकाच संकेतस्थळावरून मिळतात. परवा मी बाजारातल्या एका टपरीवर उभी होते. तिथे एक आजी नातवाच्या जन्मदाखल्यासाठी आल्या होत्या. टपरीवरच्या मुलीने त्यांना शेजारी बसवून माहिती भरून घेतली, मोबाइलवरून पैसे भरवले आणि कार्यालयात जायचे कारण नाही असे दोनदा समजावले. आजींचा विश्वास बसेना. त्या बराच वेळ फोनकडे पाहत तिथेच बसून राहिल्या. आई, तहसील कचेरीतल्या तुझ्या त्या तीन फेऱ्या मला तेव्हा आठवल्या.

परंतु जे राहून गेले, तेच माझ्या निर्णयाचे कारण आहे. 2008 पासून शाळांमध्ये दोन लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले गेले. त्यांचे वर्गात करायचे काय, हे शिक्षकांना शिकवण्याचे काम मात्र त्या वेगाने झाले नाही. त्याच वर्षी शिक्षणाचे माध्यम फ्रेंचऐवजी इंग्रजी करायचे ठरले, आणि शिक्षक स्वतः इंग्रजी शिकत शिकत मुलांना शिकवू लागले. फोर-जीचे जाळे देशभर पसरले, पण तो चालणारा फोन आणि डेटा परवडणारी माणसे बरीच वर्षे थोडीच होती. तार टाकायला पाच वर्षे पुरतात; ती तार वापरून काही निर्माण करणारा माणूस तयार व्हायला पंधरा लागतात, आणि त्या पंधरा वर्षांत त्याच्या शेजारी कोणीतरी जाणते बसावे लागते.

मी ज्या कंपनीत आले आहे तिथे चौदा माणसे आहेत आणि सगळ्यांत अनुभवी माणसाला सहा वर्षे झाली आहेत. दूध संकलन संस्थांसाठी ते प्रणाली तयार करतात: शेतकऱ्याने किती लिटर दूध घातले याची नोंद फोनवर होते आणि पैसे त्याच्या मोबाइल खात्यात जातात. दुसऱ्या आठवड्यातल्या एका गुरुवारी असे लक्षात आले की काही शेतकऱ्यांना पैसे दोनदा गेले आहेत. तेवीस वर्षांची एक मुलगी हे काम सांभाळते. हुशार आहे, पदवीला पहिली आलेली, पण तिचे हात थरथरत होते. आम्ही दोघी संध्याकाळी पाचला बसलो. डोंगरात नेटवर्क मध्येच तुटते, उत्तर आले नाही म्हणून फोन तोच संदेश पुन्हा पाठवतो, आणि सर्व्हर त्याला नवा व्यवहार समजतो, एवढाच तो दोष होता. प्रत्येक व्यवहार पाठवण्याआधीच त्याला एक क्रमांक द्यायचा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर पैसे न पाठवता आधीचेच उत्तर परत करायचे, हा त्यावरचा उपाय. पुण्यात नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात मला हे कोणीतरी खुर्ची ओढून शेजारी बसून सांगितले होते. तिला सांगणारे कोणी नव्हते. रात्री नऊला दुरुस्ती झाली, तेव्हा तिने वहीत तारीख घालून सगळे लिहून घेतले आणि विचारले, "पुढच्या आठवड्यात तुम्ही गेल्यावर मी कोणाला विचारू?"

बाबा, त्या रात्री मला आपला ओटा आठवला. कोयनेच्या खोऱ्यात सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेचे ते 128 जोडण्यांचे लहानसे टेलिफोन एक्स्चेंज बसले, तेव्हा मी पहिलीत असेन. वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि ओलीत चालेल असे यंत्र आपल्याच लोकांनी आपल्या खेड्यांसाठी तयार केले आहे, असे तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता. दर रविवारी तुमच्या हाताखालची नवी मुले घरी यायची, आई पोहे करायची, आणि तुम्ही केबलचा तुकडा सोलून त्यांना तारांच्या जोड्या ओळखायला शिकवायचा. पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा. मी तुमच्या मांडीवर बसून पाढ्यासारखे म्हणायचे आणि करड्याला नेहमी 'उंदरी' म्हणायचे, तर तुम्ही ते तसेच राहू दिले होते. त्या मुलांना शिकवा असे टेलिफोन खात्याने तुम्हाला सांगितले नव्हते. पुण्यात 1988 साली सी-डॅक ही संगणक संशोधनाची सरकारी संस्था आली, 1991 साली देशात सॉफ्टवेअर निर्यातीसाठी पार्क सुरू झाले, असे आपण वाचतो, आणि ते महत्त्वाचे होतेच; पण माझ्यासारख्या कराडच्या मुलीपर्यंत ते पोहोचले, ते मधल्या शेकडो माणसांनी आपापले रविवार दिले म्हणून. इथे ती मधली माणसे अजून पुरेशी नाहीत. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाची शाखा 2012 पासून किगालीत आहे, चांगली मुले तिथून बाहेर पडतात. परंतु त्यांतली बरीच परदेशी कंपन्यांचे काम घरबसल्या करतात किंवा देशच सोडतात. त्यांना दोष देता येत नाही. मीही पुण्यात तेच करत होते.

हे जमेलच असे मी म्हणणार नाही. देशातली बाजारपेठ लहान आहे, मोठा गिऱ्हाईक म्हणजे सरकार, त्यामुळे टिकायचे तर केनिया, युगांडा, टांझानियात माल विकावा लागेल. भांडवल महाग आहे. मात्र दोन गोष्टींमुळे मला आशा वाटते. किन्यारवांडा ही एकच भाषा सगळा देश बोलतो, त्यामुळे एकदा केलेली गोष्ट शेवटच्या डोंगरापर्यंत चालते. आणि इथे खरोखर गरजेतून काम निघते. 2016 च्या ऑक्टोबरपासून मुहांगा इथून ड्रोनने दूरच्या रुग्णालयांना रक्त पोहोचवले जाते. लहानशा पॅराशूटने पिशवी अंगणात उतरते. कंपनी अमेरिकन असली तरी तिथे ड्रोन सांभाळणाऱ्यांत इथली मुले-मुली आहेत, आणि उद्या स्वतःचे काही उभारायचे तर तीच उभारतील. बाबा, तुम्हाला आवडेल असे आणखी एक: किवू सरोवराच्या खोल पाण्यात विरघळलेला मिथेन वर काढून 2016 पासून 26 मेगावॉट वीज तयार होते. आपल्या कोयनेच्या 1,960 पुढे ती पणती म्हणावी, पण पाण्यातून वायू काढून दिवा लावणे किती अवघड असेल याचा विचार करा.

पगार पुण्यापेक्षा कमी आहे, हे लपवत नाही. तुमच्या खात्यात दरमहा येणारी रक्कम तीच राहील आणि दोघांच्या आरोग्य विम्याचा हप्ता मी पुढच्या दोन वर्षांचा भरून ठेवला आहे. दादाला मी कालच लिहिले; तो महिन्यातून एकदा येईल. त्याला आधी कळवले म्हणून रागावू नका, त्याच्याशिवाय मला हे ठरवता आले नसते.

बाबा पूर्व काँगोतल्या लढाईच्या बातम्या वाचतात, तिथल्या बंडखोरांना मदत केल्याचे रवांडावर होणारे आरोपही वाचतात. ते आरोप गंभीर आहेत, आणि इथे लोक राजकारणावर मोकळेपणाने बोलत नाहीत, हे मलाही जाणवते. मी त्या भागात जाणार नाही. काँगोची ती सीमा किगालीपासून रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. शहरात रात्री आठला बायका एकट्या चालत घरी जातात. दुचाकी टॅक्सीवर मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट मिळते, आणि मी पट्टा लावल्याशिवाय बसत नाही.

आई, माझ्या जेवणाची काळजी करू नकोस. किगाली महाबळेश्वरपेक्षा उंचावर आहे; पंखा लागत नाही, रात्री पातळ रजई लागते. खोलीला पूर्वेची खिडकी आहे, गरम पाणी येते, गॅस आहे. तूरडाळ, कणीक, हिंग सारे मिळते. आणि घेवडा! इथल्या लोकांचे रोजचे अन्नच घेवडा. बाजारात तांबडा, ठिपक्यांचा, कोरेगावच्या वाघ्यासारखा पट्ट्यांचा, नाना तऱ्हेचा ढिगांनी मांडलेला असतो. बुधवारी तुझ्या पद्धतीने आमटी केली. तुझ्या हातचा काळा मसाला संपत आला आहे, तेवढा मात्र पाठव.

आता मी सांगते ते दोघांनी ऐका. बाबांनी टाकी साफ करायला गच्चीवर चढायचे नाही. माणसाला पैसे दिले आहेत. अंधार पडल्यावर स्कूटर काढायची नाही. पोलीस, बँक, टपाल खाते यांच्या नावाने फोन आला, व्हिडिओवर गणवेशातला माणूस दिसला, तरी फोन ठेवून आधी दादाला विचारायचे. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, मलासुद्धा नाही. आईने गुडघ्याचे व्यायाम दोन्ही वेळा करायचे, आणि तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी या पंधरवड्यात व्हायलाच हवी. चक्कर आली तर 'होईल बरी' म्हणून झोपून राहू नकोस. रागावून लिहीत नाही, आई. इतक्या लांबून दुसरे काही हातात नाही म्हणून लिहिते.

गणपतीला मी येणार, हे कंपनीकडून आधीच लिहून घेतले आहे. आदिस अबाबामार्गे मुंबई, तिथून रातोरात कराड. आरास मी आल्यावर करू, बाबांनी माळ्यावरची पेटी स्वतः काढू नये. पत्र पोहोचेल त्या दिवशी रात्री साडेआठला फोन करा, तेव्हा इथे पाच वाजलेले असतात आणि मी मोकळी असते. काही बोलावेसे वाटले नाही तरी चालेल, बाबांनी नुसते रंग म्हणून दाखवावेत. करड्याच्या जागी मी 'उंदरी' म्हणेन.

तुमची,
मनू