सस्पेंडचा माग काढायला शिकवल्याबद्दल

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

लिनक्स कर्नलमधलं (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातलं) पॉवर मॅनेजमेंट, म्हणजे मशीनचं झोपणं (सस्पेंड) आणि उठणं (रिझ्यूम), सांभाळणाऱ्या आम्हा काही जणांकडून हे आभाराचं पत्र. ते उघडपणे लिहितोय, कारण झाकण मिटलेला लॅपटॉप बॅगेत तापतो ही तक्रार घेऊन बसलेले अजून पुष्कळ आहेत आणि त्यातले बरेच जण आजही डीमेसेज (कर्नलचे छापील संदेश) वाचून अंदाज बांधतात. ड्रायव्हर (एकेक उपकरण चालवणारा कोड) लिहिणाऱ्याला जे छापावंसं वाटलं तेवढंच तिथे येतं. दोन सेकंद गप्प बसलेला ड्रायव्हर तिथे दिसतच नाही. ट्रेसपॉइंट (कोडमध्ये आधीच पेरलेल्या नोंद करणाऱ्या जागा) मात्र पॉवर मॅनेजमेंटच्या गाभ्यातच बसवलेले आहेत, त्यामुळे ड्रायव्हर बोलका असो वा मुका, नोंद होतेच. हे तुम्ही आमच्या गळी उतरवलंत.

आणि उतरवताना शिस्तही लावलीत. (फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजीत टाकायची.) आधी /सिस/पॉवर/मेम_स्लीप बघायचं, चौकटी कंसात डीप आहे की एस२आयडल. डीपमध्ये मशीन फर्मवेअरच्या (मशीनमध्येच बसवलेल्या मूळ प्रोग्रॅमच्या) ताब्यात जातं. एस२आयडलमध्ये कर्नल जागेवरच असतो, फक्त सगळे सीपीयू आयडलमध्ये नेऊन ठेवतो. दोन्हींचे आजार वेगळे.

मग /सिस/कर्नल/ट्रेसिंग, म्हणजे हे ट्रेसपॉइंट (तिथलं नाव इव्हेंट) चालू-बंद करायची जागा. नवखा माणूस इथे हमखास इव्हेंट्समधल्या पॉवर फोल्डरच्या एनेबल फाइलीत १ टाकतो आणि तिथेच फसतो. बफर (नोंदी साठवायची जागा) दर सीपीयूमागे साधारण १४०८ केबी, आणि सीपीयू_आयडलच्या नोंदींचा तर पूर येतो. ज्या ओळी हव्या होत्या त्या नव्या ओळींखाली पुसल्या जातात. तुमचा नियम चारच इव्हेंटचा: सस्पेंड_रिझ्यूम, डिव्हाइस_पीएम_कॉलबॅक_स्टार्ट, त्याचाच एंड आणि वेकअप_सोर्स_अ‍ॅक्टिव्हेट. सीपीयू_आयडल हवाच असेल तर इन्स्टन्सेसमध्ये नवा फोल्डर करायचा, म्हणजे त्याचा बफर वेगळा राहतो. तिथे स्टेट ४२९४९६७२९५ असा अगडबंब आकडा दिसला तर घाबरायचं नाही. ते उणे १ आहे, सीपीयू आयडलमधून बाहेर आला एवढाच त्याचा अर्थ. ट्रेस_क्लॉकमध्ये (नोंदींच्या घड्याळात) झोपेतला वेळही मोजायचा असेल तर बूट निवडायचं, आणि तेही सगळ्यात आधी, कारण घड्याळ बदललं की बफर रिकामा होतो.

यानंतर आरटीसीवेक या (ठरावीक वेळाने मशीन जागं करणाऱ्या) कमांडला मेम मोड आणि १५ सेकंद देऊन मशीन झोपवायचं. जागं झालं की ट्रेसिंग_ऑनमध्ये ० टाकायचा आणि मगच ट्रेस वाचायला घ्यायचा.

वाचायचं कसं, याबद्दल तर तुमचे आभार मानावे तेवढे थोडेच. सस्पेंड_रिझ्यूमच्या ओळींत प्रत्येक टप्प्याचा बिगिन आणि एंड असतो: फ्रीझ_प्रोसेसेस, डीपीएम_प्रिपेअर, डीपीएम_सस्पेंड, मग लेट, मग नोआयआरक्यू, शेवटी मशीन_सस्पेंड. त्याच्या कंसात १ असेल तर एस२आयडल, ३ असेल तर डीप. बॅगेतल्या लॅपटॉपचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं. एका रात्रीत मशीन_सस्पेंड[१] च्या जोड्यांवर जोड्या दिसत असतील तर कोणीतरी मशीनला सारखं डिवचतंय. पीएम_वेकअप_आयआरक्यू मधला आकडा (जागं करणाऱ्या इंटरप्टचा क्रमांक) घेऊन /प्रॉक/इंटरप्ट्समध्ये बघायचं. जोडी एकच आहे आणि तरीही बॅटरी उतरतेय, तर ट्रेसमध्ये शोधत बसण्यात हशील नाही. हार्डवेअर खोल झोपेपर्यंत पोचतच नाहीये. इंटेलच्या बऱ्याच मशीनवर सीपीयूआयडल फोल्डरमध्ये लो_पॉवर_आयडल_सिस्टिम_रेसिडेन्सी_यूएस ही फाइल असते. तिथला आकडा झोपेनंतर वाढला नसेल तर शंकेला जागा उरत नाही.

सस्पेंड मध्येच मोडत असेल तर कॉलबॅकच्या (डिव्हाइस झोपवणाऱ्या-उठवणाऱ्या फंक्शनच्या) एंड ओळीतला एरर बघायचा. यूएसबीच्या एक्सएचसीआय कंट्रोलरवर −१६ (डिव्हाइस व्यस्त) आला तर बहुधा वेकअपची सूचना आधीच येऊन पडलेली असते, म्हणजे माऊस हलला असं समजा. त्या डिव्हाइसच्या पॉवर/वेकअपमध्ये डिसेबल्ड लिहून पुन्हा चालवलं की खात्री होते.

पण सगळ्यात मोलाची गोष्ट वेगळीच. रिझ्यूम हळू असेल तर आपली नजर उशिरा सुरू झालेल्या डिव्हाइसवर जाते, आणि ते बिचारं निर्दोष असतं. पॅरेंट (ज्याला ते जोडलेलं असतं ते वरचं डिव्हाइस) जागं होईपर्यंत थांबण्याचा वेळ स्टार्टच्या ओळीच्या आधीच जातो. स्टार्ट ते एंड हा निव्वळ कॉलबॅकचा वेळ. म्हणून स्टार्टच्या ओळीत पॅरेंटचं नाव बघून वर चढत जायचं. पॅरेंटही वेळेत उठलेलं दिसलं तर डिव्हाइस लिंकमधला सप्लायर (ज्याच्यावर हे अवलंबून आहे ते दुसरं डिव्हाइस) तपासायचा, त्याचं नाव त्या ओळीत येत नाही. जोड्या नेहमी डिव्हाइसच्या नावाने लावायच्या, कारण अ‍ॅसिंक्रोनस (एकाच वेळी चालणाऱ्या) कॉलबॅकच्या ओळी एकमेकींत मिसळलेल्या असतात. पीएम_असिंकमध्ये ० टाकल्यावर (म्हणजे कॉलबॅक एकापाठोपाठ एक चालवल्यावर) बिघाड गायब झाला, तर दोन डिव्हाइसमधलं अवलंबित्व कुठेतरी नोंदवायचं राहिलंय. शून्य तसाच ठेवून मोकळं होणाऱ्यांना तुम्ही काय म्हणता, ते इथे लिहीत नाही!

मशीन पार गोठलं तर बफरही गेला. त्यासाठी पीएम_टेस्ट, म्हणजे सस्पेंड ठरावीक पायरीपर्यंतच नेऊन बघणं: फ्रीझर, डिव्हायसेस, प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स, कोअर या क्रमाने एकेक पायरी. प्रत्येक वेळी पाच सेकंद थांबून मशीन परत येतं. डिव्हायसेसपर्यंत ठीक आणि प्लॅटफॉर्मवर अडकलं, तर संशय फर्मवेअरवर. पीएम_ट्रेस अगदी शेवटी, कारण ते आपली खूण आरटीसीत (मशीनच्या घड्याळात) लिहितं आणि तारीख-वेळ बिघडवून ठेवतं.

स्टीव्हन रोस्टेड यांचं एफट्रेस (ट्रेसिंगची हीच यंत्रणा) २००८ पासून कर्नलमध्ये आहे, आणि टॉड ब्रँट यांचं स्लीपग्राफ याच ओळींमधून टाइमलाइन काढून देतं. तुम्ही मात्र आम्हाला महिनाभर स्लीपग्राफला हात लावू दिला नाहीत. तेव्हा राग आला होता. आता आमच्याकडे नव्याने येणाऱ्यांनाही आम्ही तेच करायला लावतो, आणि बग नोंदवणाऱ्याकडे मेम_स्लीपची ओळ, चार इव्हेंटचा ट्रेस आणि पीएम_टेस्टची शेवटची यशस्वी पायरी एवढंच मागतो.

आपले,
पॉवर मॅनेजमेंटवर काम करणारे तुमचे विद्यार्थी