अमेरिकेचे शेअर आणि माळ्यावरचा डबा

मुलुंड, रविवार

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही चिडलात आणि मीही आवाज चढवला. सव्वासातची लोकल, दादरची गर्दी, कोणाची तरी बॅग माझ्या पाठीत. त्यात डॉलरचं गणित कुठे सांगणार? म्हणून पत्र.

वरच्या मजल्यावरच्या काकांचा मुलगा सांगतो म्हणून तुम्हालाही अमेरिकेचे शेअर घ्यायचेत. ‘स्वतः अमेरिकेचे शेअर घेतेस आणि आम्हाला नको म्हणतेस,’ हा तुमचा राग. आधी माझं ऐका. माझा पगार, पीएफ, घर, सगळं इथलं. शेअरही फक्त इथलेच घेतले तर सगळी मदार एकाच देशावर. जपानचा शेअर निर्देशांक निक्केई १९८९ च्या डिसेंबरात जिथे पोचला होता, तिथे परत यायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. चौतीस वर्षं! शिवाय ओवीला बाहेर शिकायचंय. २००८ च्या सुरुवातीला डॉलर ४० रुपयांच्या आसपास होता, आता नव्वदीत आहे, आणि फी डॉलरमध्येच भरायची. म्हणून शेअरमधले वीस टक्के बाहेर.

वीसच का? कारण उलटंही घडलंय. १९९९ अखेर ते २००९ अखेर सेन्सेक्स ५ हजारांवरून १७ हजारांवर गेला आणि अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक होता त्याहून खाली आला. तेव्हा काकांचा मुलगा काय म्हणाला असता, देव जाणे. आणि पैसे बाहेर न्यायचं दार आपल्या हातात नसतं. २०२२ च्या फेब्रुवारीत म्युच्युअल फंडांची परदेशी गुंतवणुकीची ७ अब्ज डॉलरची एकत्रित मर्यादा भरत आली, माझी तिथल्या फंडातली एसआयपी, म्हणजे दरमहाचा हप्ता, बंद पडली. तेव्हा चरफडले होते. आता एप्रिलमध्ये एकदाच हिशोब बघते. बाहेरचा हिस्सा फुगला असेल तर विकत नाही, नवे हप्ते इथल्या इंडेक्स फंडात, म्हणजे निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या फंडात वळवते.

तुमचं वेगळं. पेन्शन रुपयांत, औषधं रुपयांत, सोसायटीचा मेंटेनन्सही. तुम्हाला डॉलर लागणार कुठे? त्यात एक गोष्ट काकांना विचाराच. अमेरिकन नसलेल्या माणसाच्या नावावर तिथले ६० हजार डॉलरच्या वरचे शेअर असले आणि तो गेला, तर तिथलं सरकार वारसाकर लावतं, ४० टक्क्यांपर्यंत. आपल्याकडे हा कर १९८५ मध्येच गेला. (आई, अभद्र बोलते म्हणून रागावू नकोस.) आणि बाबा, तुम्ही चहा थंड व्हायच्या आत स्वतः इन्कम टॅक्सचा ‘सहज’ फॉर्म भरता, त्याचा तुम्हाला केवढा अभिमान! परदेशी एक शेअर जरी घेतलात तरी ‘सहज’ चालत नाही, आयटीआर-२ फॉर्म भरा, त्यात शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, आणि वर्षात त्या शेअरची जास्तीत जास्त किंमत किती झाली होती तेही लिहा.

मला खरी काळजी आहे ती माळ्यावरच्या बिस्किटांच्या डब्याची. त्यातली शेअर सर्टिफिकेटं अजून कागदीच आहेत. २०१९ च्या एप्रिलपासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत. आधी डिमॅट, म्हणजे कागदाऐवजी खात्यात इलेक्ट्रॉनिक नोंद, करावे लागतात. गणपतीत मी बघितलं, त्यांवर तुमचं नाव ‘दत्तात्रेय’ आहे आणि आधारवर ‘दत्तात्रय’. एका मात्रेसाठी किती खेटे पडतील कोण जाणे.

आई, स्टुलावर चढून डबा काढू नकोस. शनिवारी मी येते. बाबा, पॅन कार्ड आणि रद्द केलेला एक चेक तेवढा काढून ठेवा.

तुमची,
मनू