शेत आईचे, कारभार मामाचा

महोदय,

इंडोनेशिया म्हटले की आपल्याला बालीच आठवते. पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ खेड्यांची रीत मात्र वाचण्यासारखी आहे. तिथे वडिलोपार्जित (हा शब्दच तिथे उलटा पडतो!) शेत आणि शिंगांसारख्या छपराचे मोठे घर आईकडून मुलीकडे जाते. कारभार मामा पाहतो, जावई पाहुण्यासारखा. ही जमीन विकायची नाही. गहाण टाकायलाही परंपरेने चारच कारणे: घरात प्रेत अंत्यविधीवाचून पडले, उपवर मुलीचे लग्न अडले, घर गळू लागले किंवा कुळप्रमुखाची पदस्थापना रखडली. समाज मुस्लिम, तरी ही रीत टिकली. स्वकष्टाच्या कमाईला तेवढा धर्माचा वारसानियम लागतो. हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या घेणाऱ्या आपल्या भाऊरायांना हे पचेल?

– एक वाचक, सांगली