बँडवाल्या काकांना, डी मधल्या ब्लूजसाठी थँक यू

काका,

समोर थँक यू म्हटलं की तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषयच बदलून टाकता, म्हणून इथे सगळ्यांदेखत लिहून राहिली आहे.

आम्ही चौघं, दोन व्हायोलिन, माझा व्हायोला (व्हायोलिनचा थोडा मोठा, खालच्या सुरांचा भाऊ) आणि चेलो, हायडनच्या पाश्चात्त्य शास्त्रीय रचना बऱ्यापैकी वाजवायचो. मग जॅझ करू म्हटलं, त्यातल्या ब्लूज या प्रकाराचं नोटेशन काढलं, सगळे सूर बरोबर लागायचे तरी ते शाळेतल्या प्रार्थनेसारखं सरळसोट वाटायचं. इम्प्रोवायझेशन, म्हणजे आयत्या वेळी मनाने वाजवणं, तर पहिल्या व्हायोलिनने फास्ट काहीतरी वाजवायचं आणि बाकी तिघांनी लांब सूर धरून बसायचं, एवढीच आमची समज होती.

मे महिना, धरमपेठेतली ती वरची खोली, कूलर लावला की दमट हवेने तारा बेसूर व्हायच्या म्हणून तोही बंद, आणि त्या उकाड्यात तुम्ही सॅक्सोफोन घेऊन जिने चढून आलात. लग्नाच्या बँडमध्ये आयुष्य गेलेला माणूस! आल्याआल्या आमचे स्टँड भिंतीकडे फिरवले आणि म्हणाले, "कागद नको, आवर्तन मोजा." ब्लूजचे 12 बार, म्हणजे चार-चार मात्रांचे 12 तुकडे, हा तबला सोलोमागे वाजणाऱ्या धुनेसारखा लेहराच, तो फिरतच राहते, वाजवणारा कुठंही जाऊ दे, समेला घरी आला पाहिजे. हे ऐकलं आणि माझं डोकंच उघडलं काका, लेहरा तर आम्ही लहानपणापासून ऐकून राहिलो.

मग चेलोचा बो (गज) काढून घेतला, बोटांनी चार मात्रांची चाल धरायला लावली. दुसऱ्या व्हायोलिनला प्रत्येक कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटाचा) तिसरा आणि सातवा सूर, बस. आणि मला दर बारच्या दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर चॉप, म्हणजे बोचं मुठीकडचं टोक तारेवर आपटून चक्! ही युक्ती रिचर्ड ग्रीन या व्हायोलिनवाल्याने 1960 च्या दशकात काढली, डॅरोल अँगरने ती टर्टल आयलंड क्वार्टेट या चौघांच्या तारवाद्यांच्या गटात आणली, हे मी नंतर वाचलं. तुम्ही मात्र "तू आमच्या बँडचा झांजवाला" एवढंच म्हणाले होते. मी सोलो घ्यायला घाबरायची तेव्हा जॅझ ड्रमर मॅक्स रोचचं सांगितलं, की त्याच्या डबल क्वार्टेटमध्ये, म्हणजे जॅझवाले चार आणि तारवाद्यांचे चार अशा गटात, त्याची स्वतःची मुलगी व्हायोला वाजवायची, तू काऊन घाबरते? त्या दिवशी पहिल्यांदा 12 बार माझे होते. चुकले दोनदा, पण समेवर आली.

सगळ्यात मोठी गोष्ट मला फार उशिरा कळली. तुम्ही ब्लूज डी या पट्टीत का घेतला? डी, जी, ए, तिन्ही कॉर्डचे मूळ सूर आमच्या चारही वाद्यांवर मोकळ्या तारेवर मिळतात, म्हणून. पण तुमच्या ऑल्टो सॅक्सची पट्टी आमच्याहून वेगळी, तिच्यावर तोच डी म्हणजे पाच शार्प, पाच चढे सूर! महिनाभर तुम्ही ते अवघड बोटांचं वाजवत राहिले आणि एका शब्दाने बोलले नाही, मी सॅक्सचा चार्ट पाहिला तेव्हा कळलं आणि रडूच आलं.

तर काका, गेले तीन आठवडे आम्ही गुपचूप तोच ब्लूज बी फ्लॅटमध्ये बसवून राहिलो. आम्हाला तिन्ही कॉर्डचा एकही मूळ सूर मोकळ्या तारेवर मिळत नाही, तुम्हाला मात्र फक्त एक शार्प. रविवारी पाच वाजता या, पंखा लावून ठेवतो, सॅक्स आणायला विसरू नका.

तुमची व्हायोलावाली